बंधनांची टोपली

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, खुर्च्यांमधल्या वाटा भरल्या होत्या, आणि ज्यांना खिडकीच्या कट्ट्यावर टेकायला मिळालं ते स्वतःला भाग्यवान समजत होते. सगळ्यांत पुढे नऊ चाकाच्या खुर्च्या ओळीनं लावल्या होत्या. मंचावर प्राणदादा उभे होते. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, खिशाला पेन. डॉक्टर म्हणा, मास्तर म्हणा, काहीही खपून गेलं असतं. बुवा म्हणावं अशी एकही खूण अंगावर नव्हती. हल्ली बुवाबाजीनं कपडे बदललेत, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

"श्वास कुठून येतो?" प्राणदादांनी माइकवरून विचारलं.

नाकातून, असं चारपाच जण म्हणाले. दादा हसले. नाकातून वारा येतो, म्हणाले, वारा तर पंख्यातूनही येतो. श्वास येतो बेंबीच्या मुळातून, तिथं प्राणाचा झरा आहे, आणि दवाखान्यांनी त्या झऱ्यावर दगड ठेवलाय. लोकांनी माना डोलावल्या. झरा, दगड, दवाखाना असे तीन शब्द एका दमात आले की माणूस मान डोलावतोच. अर्थ नंतर शोधू, असं ठरवतो आणि विसरून जातो.

मग चाकाच्या खुर्चीतल्या एका वायरमनचा नंबर आला. त्याच्या बायकोनं खुर्ची उतारावरून मंचावर ढकलली. बरोबर त्याची मोठी बहीण होती. तिनंच या दोघांना इथं आणलं होतं. दादांनी माइक वायरमनच्या तोंडापाशी धरला आणि कोण, काय करता, ते सांगायला सांगितलं. वायरमनचे ओठ हलले. माइक असूनही तिसऱ्या रांगेपर्यंत काही पोचलं नाही. दादांनी खिन्नपणे लोकांकडे पाहिलं, मग गुडघ्यावर बसले, डावा हात त्याच्या पाठीशी नेला, उजवा तळवा बरगड्यांच्या खाली पोटावर ठेवला आणि डोळे मिटून म्हणाले, "आता बोल."

"मी वायरमन आहे," वायरमन म्हणाला, आणि ते शेवटच्या खिडकीत बसलेल्यालाही ऐकू गेलं.

हॉल उठून उभा राहिला. बहीण पदर तोंडाला लावून रडायला लागली. बायकोला तर आपण रडतोय हेही कळलं नाही. घरात खुर्चीत बसून तो बोलायचा, पण शिडीवरून हाक मारून पक्कड मागणारा तो खणखणीत आवाज तिनं दोन वर्षं ऐकला नव्हता. आपल्या माणसाचा आवाज परत मिळाल्यावर कुणाची अक्कल जागेवर राहते, ते मला दाखवा. तिची राहिली नाही, आणि त्याबद्दल तिला हसायची माझी छाती नाही.

तो पडला होता एका तीन मजली इमारतीच्या जिन्यात, दिवा बदलताना. शिडी सरकली, मान कठड्यावर आपटली आणि मानेचा मणका मोडला. खांदे उचलता येत होते, कोपर वाकत होतं, बोटं मात्र दुसऱ्याचीच झाली होती. छातीपासून खाली काही कळत नव्हतं. लोक त्याला अजूनही वायरमनच म्हणत आणि अडलं की दारात उभं राहून विचारत. तो खुर्चीतून सांगायचा, कुठली तार कुठं जोड. एकदा शेजारच्यांच्या घरातला बिघाड त्यानं नुसती वर्णनं ऐकून शोधून काढला होता, आणि दोन दिवस त्याचीच फुशारकी मारत होता.

बायको शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिची मशीन, मागच्या खोलीत त्याचा पलंग, मधलं दार काढून टाकलेलं, म्हणजे मशीनवर बसूनही त्याच्याकडे लक्ष राहावं. त्याच्या पोटाला बांधायचा पट्टाही तिनंच शिवला होता. दवाखान्यातून मिळालेला पट्टा त्याच्या कातडीला काचायचा, म्हणून तिनं त्याचं माप घेतलं, बाहेरून जाड कापड, आतून मऊ फ्लॅनेल, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक आणि पुढे वेल्क्रोच्या तीन पट्ट्या. कडेनं निळ्या दोऱ्याची शिलाई घातली. दवाखान्यातल्या फिजिओबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मला असे दहा शिवून द्या म्हणाल्या.

पट्टा कशासाठी, ते फिजिओबाईंनी नीट समजावलं होतं. बसवताना बांधायचा, आडवं करताना सोडायचा, जेवताना जरा सैल करायचा. हे सगळं तिच्या लक्षात राहिलं. का, ते मात्र निसटलं. त्या दिवसांत कानावर इतकं काही पडत होतं की हाताला लागणारं तेवढं तिनं धरून ठेवलं. माप लक्षात राहिलं आणि कारण विसरलं. तिची चूक म्हणायची तर एवढीच.

जळजळ सुरू झाली ती महिन्याभरापूर्वी. जेवण झालं की त्याच्या छातीच्या मध्यभागी आग पडायची, तोंडात आंबट यायचं, आडवा केला की ठसका लागायचा. डॉक्टरांनी तपासलं. पोटातलं आम्ल वर येतंय, म्हणाले, अशा रुग्णांना होतं हे. सकाळी उपाशीपोटी एक गोळी दिली. थोडं थोडं खा, खाल्ल्यावर दोनतीन तास आडवं पडू नका, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा, असं सांगितलं. त्याप्रमाणे दोन दोन विटा लागल्या. जळजळ कमीही झाली होती.

पण बहिणीच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. तिनं या भावाला आईच्या मागे लहानाचा मोठा केला होता, लाँड्रीत इस्त्री करून. एक दिवस ती पलंगाशी बसली आणि म्हणाली, "छातीला काही कळत नाही म्हणाले होते ना? मग जळलेलं कसं कळतं?"

मशीन थांबली. बायकोनं मान वळवून पाहिलं, तर तो बहिणीकडे टक लावून बघत होता. दोन वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं नव्हतं. तिघांपैकी कुणी पुढचं वाक्य उच्चारलं नाही, कारण ते तिघांनाही ऐकू आलं होतं. जाणीव परत येतेय.

प्रश्न अगदी शहाणा होता, हे मी मुद्दाम सांगतो. डॉक्टरांना विचारला असता तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं. पण डॉक्टरांना विचारायची भीती वाटली, कारण ते नाही म्हणाले असते. बहिणीच्या लाँड्रीत कपडे टाकणाऱ्या कुणीतरी प्राणदादांचं नाव घेतलं होतं. तिथं कुणालाच नाही म्हणत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. असा तो शहाणा प्रश्न चुकीच्या दारात जाऊन उभा राहिला.

त्या दारात एक टेबल होतं आणि टेबलावर वेताची मोठी टोपली. टोपलीमागच्या बाईनं खुर्ची अडवली आणि बंधनं सोडा म्हणाली. मानेचे, कमरेचे, पोटाचे, सगळे पट्टे टोपलीत टाकायचे. बंधन असलं की प्राण फिरत नाही, दादांना ते चालत नाही. बायकोनं वेल्क्रो सोडला. निळ्या शिलाईचा पट्टा टोपलीत पडला. मग दोन तास नवरा खुर्चीत नुसता बसून राहिला, हळूहळू ढेपाळत गेला, आणि तिला वाटलं, गर्दीमुळे कोंदटलं असेल.

आवाजाचा चमत्कार झाल्यावर बहिणीनं मंचावरच जळजळीचं विचारलं. प्राणदादांनी वायरमनच्या छातीवर कान टेकला, बराच वेळ टेकलेला ठेवला, आणि डोळ्यांत पाणी आणून माइकवर जाहीर केलं की अग्नी जागा झालाय. तो मणक्याच्या तळापासून निघालाय. छाती ओलांडून गळ्यापर्यंत आला, गळ्यातून मस्तकात गेला, की तुटलेलं सांधलं जाईल आणि बोटं हलतील. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत त्यांनी पथ्य सांगितलं. अग्नी विझवणारी गोळी बंद. दोन्ही वेळा पोटभर जेवण, त्यावर इथं मिळणाऱ्या बाटलीतलं अग्निजल, आणि लगेच उताणं झोपायचं, उशीशिवाय. पलंगाखाली विटा आहेत का, हेही त्यांनी विचारलं. आहेत म्हटल्यावर कपाळाला हात लावला. विटा काढा, म्हणाले, अग्नीला चढ लागतो. आणि सकाळी कफ काढायला पोट दाबता ना, तेही थांबवा. परक्या हातानं प्राण हलतो.

विटांनी चढ लागतो, हे मात्र त्या माणसानं शंभर टक्के खरं सांगितलं. विटा त्याचसाठी लावलेल्या असतात.

निघताना तिनं पट्टा मागितला. टोपलीवाली बाई हसली. सोडलेलं बंधन परत घ्यायचं नसतं, म्हणाली.

घरी आल्यावर तिनंच विटा काढल्या. उशी काढली. गोळ्यांचं पाकीट फडताळात मागे सरकवलं. पहिल्या दिवशी आडवं केल्यावर अर्ध्या तासात त्याच्या छातीत आग उसळली, आणि तो हसला. हसल्यामुळे ठसका लागला, ठसका थांबल्यावर पुन्हा हसला.

"अगं, खूण कर," तो म्हणाला. "तुझा खडू आण. कुठपर्यंत आलंय ते मी सांगतो."

ती शिवणाचा निळा खडू घेऊन आली. तो म्हणेल तिथं तिनं बनियनवर आडवी रेघ मारली आणि शेजारी एक हा आकडा टाकला. दुसऱ्या दिवशी दोन. गिऱ्हाइकाच्या कपड्यावर करावी तशी, ठसठशीत. रेघा खरोखरच वर सरकत होत्या. बहीण रोज लाँड्रीतून आल्याबरोबर आधी बनियन बघायची. सहाव्या दिवशी रेघ गळपट्टीला भिडली. नवव्या दिवशी बनियन संपला, तेव्हा तिनं खूण त्याच्या गळ्यावर काढली, कंठाच्या खळीत, आणि खडूवरच्या बोटांना त्यानं गिळलेल्या आवंढ्याचा धक्का जाणवला. ते दिवस त्या घरात आनंदाचे होते. हे लिहिताना मला त्रास होतो, पण खोटं लिहिता येत नाही. अपघातानंतरचे सगळ्यांत आनंदाचे दिवस तेच होते.

तो बोटं हलल्यावर काय काय करणार ते सांगायचा. आधी मशीनचा दिवा दुरुस्त करणार होता, त्याचं बटण ढिलं झालं होतं. आवाज खरखरीत झाला होता, सकाळी छातीत घरघर वाजायची, कफ बाहेर येत नव्हता. तिचे हात सवयीनं त्याच्या पोटाकडे जायचे आणि ती ते मागे घ्यायची. अकराव्या दिवशी तिनं गळ्यावर, हनुवटीच्या जरा खाली, अकरावी रेघ काढली. तेव्हा त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

दवाखान्यात त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. डॉक्टरांनी फोटो दाखवला. दोन्ही फुप्फुसं खालून पांढरी झाली होती. वर आलेलं आम्ल आडव्या माणसाच्या श्वासनळीत उतरलं होतं, रोज थोडं थोडं. धडधाकट माणूस खोकून ते बाहेर टाकतो. याचे खोकायला लागणारे पोटाचे स्नायूच चालत नव्हते, आणि त्यांच्या जागी काम करणारे हात अकरा दिवस मागे घेतलेले होते. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी फिजिओबाई आल्या. त्यांनी त्याला जरा उंच बसवलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं, गळ्यावरची रेघ पाहिली आणि ओल्या कापसानं ती पुसली. बहिणीनं धीर करून तोच प्रश्न विचारला, जो महिन्यापूर्वी विचारायला हवा होता. फिजिओबाई खाली बघत म्हणाल्या, की अन्ननळीची सगळीच खबर मणक्यातून जात नाही. एक मोठी नस मेंदूतून निघते आणि गळ्याच्या बाजूनं थेट पोटापर्यंत उतरते. ती मणक्यात शिरतच नाही. म्हणून मान मोडली तरी ती शाबूत राहते.

वायरमन छताकडे बघत होता. मग त्यानं एकेक शब्द करत विचारलं, "म्हणजे ती लाइनच वेगळी."

"हो," फिजिओबाई म्हणाल्या.

"ती कधी बंद पडलीच नव्हती."

"नाही."

"मग परत काय येणार," तो म्हणाला, आणि बहिणीकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. "ताई, आपण चालू तारेवर टेस्टर लावला गं. दिवा लागणारच की."

बहीण उठून बाहेर गेली. बाहेरच्या बाकावर ती कपाळ गुडघ्यांवर टेकून बसली होती, आणि आतून तिची पाठ दिसत होती.

आवाजाचं कोडं त्यानंच सोडवलं. दुसऱ्या दिवशी फिजिओबाई कफ काढत होत्या. त्यांनी बायकोला जवळ बोलावलं, तिचे हात पूर्वीसारखे बरगड्यांखाली ठेवायला लावले आणि खोकल्याबरोबर आत आणि वर दाबायला सांगितलं. दोनदा कफ सुटला. तिसऱ्यांदा तिनं दाबलं तेव्हा तो खोकलाच नाही, बोलला. "मी वायरमन आहे," म्हणाला. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं वळून पाहिलं, इतकं मोठ्यानं.

तिचे हात जागच्या जागी थिजले. दोन वर्षं रोज सकाळी ती हेच करत आली होती. तोंड धुण्याइतकं रोजचं काम, ते करताना टाळ्या वाजत नव्हत्या आणि कुणी माइक धरत नव्हतं, म्हणून त्याला चमत्कार म्हणायचं तिला सुचलं नव्हतं. फिजिओबाईंनी सगळं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी कारण तिच्या डोक्यात उतरलं. मोडक्या मानेच्या माणसाला खुर्चीत बसवलं की त्याचं सैल पोट पुढे ओघळतं. पोट ओघळलं की छातीखालचा श्वासाचा पडदा खाली ओढला जातो, मग वर-खाली व्हायला त्याला वावच उरत नाही. दम अपुरा पडतो, आवाज बारीक होतो. पोट आत धरलं की पडदा वर येतो आणि आवाज येतो. हात धरो, पट्टा धरो, पडद्याला काही फरक पडत नाही.

"दारात पट्टा काढून घेतला," वायरमन म्हणाला. श्वास घेऊन पुढे म्हणाला, "दोन तास बसवलं. मग तुझ्या पट्ट्याच्या जागी स्वतःचा हात ठेवला. काम तुझं, नाव त्याचं." मग पुन्हा श्वास घेतला. "पट्टा परत आण."

आणते, ती म्हणाली. उद्याच आणते. पण उजाडताच त्याला श्वासाच्या यंत्रावर घ्यावं लागलं आणि तिला खाटेपासून हलता येईना. यंत्रावर तो चार दिवस होता. पाचव्या दिवशी दुपारी, डबे आणणाऱ्यांची वर्दळ चालू असताना, तो गेला. तिनं विटा स्वतःच्या हातानं काढल्या होत्या. हे तिला कुणी म्हणालं नाही. म्हणायला कुणी लागतही नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी ती हॉलमध्ये गेली. भांडायला गेली नव्हती. पट्टा आणते म्हणून शब्द दिला होता, तेवढाच डोक्यात होता. पिशवीत तो बनियन होता. तो धुवायची तिची हिंमत झाली नव्हती आणि घरी ठेवायचीही. बहीण सोबत आली.

टोपलीत निळ्या शिलाईचा पट्टा तळाशी दिसत होता. त्याच्यावर आणखी सात पट्टे होते. ते तिनं एकेक करून मोजले आणि प्रत्येकाचं रूप पाहिलं. मानेचा एक, कमरेचा एक, आणि पोटाचे पाच. पाच घरांमधून कुणीतरी माप घेऊन, विचारून, बांधून पाठवलेले. टोपलीवालीनं हात आडवा घातला, तो बहिणीनं बाजूला केला. इस्त्रीचा हात होता तो, जड. बायकोनं निळ्या शिलाईचा पट्टा उचलून घेतला.

त्याच वेळी मंचावर एक तरुण बाई खुर्चीत होती. मागे तिचे म्हातारे वडील दांडा धरून उभे होते. प्राणदादा माइक धरून विचारत होते, कोण आपण, काय करता. बाईचे ओठ हलत होते. हॉलनं सुस्कारा सोडला. दादा गुडघ्यावर बसायच्या बेतात होते.

"थांबा, दादा," वायरमनची बायको उतारावरून वर येत म्हणाली. "या वेळी हात मी ठेवते."

प्राणदादांनी तिला ओळखलं नाही. रोज इतके लोक येतात, कुणाकुणाला ओळखणार. प्राण सगळ्यांच्या हातात नसतो, ताई, असं ते माइकवरून मायेनं म्हणाले, आणि लोक हसले. तिनं तिकडे लक्षच दिलं नाही. ती खुर्चीसमोर वाकली आणि त्या बाईला विचारलं, हात लावू का. बाईनं मान हलवली. तिनं बरगड्यांखाली तळवा ठेवला, आत आणि वर दाबला, आणि बोला म्हणाली.

"मी शाळेत गणित शिकवते," बाई म्हणाली, आणि शेवटच्या खिडकीपर्यंत ते पोचलं.

हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं. तिनं हात काढला आणि पुन्हा बोलायला सांगितलं. ओठ हलले, आवाज नाही. मग तिनं म्हाताऱ्या वडिलांना पुढे बोलावलं, त्यांचा तळवा नेमका जागेवर ठेवला, वर आपला हात ठेवून दाबला. मुलगी म्हणाली, "बाबा." वडिलांनी हात तसाच धरून ठेवला, तो काढायची त्यांची तयारी नव्हती.

"माझ्या हातात प्राण नाही," ती वळून लोकांना म्हणाली. माइक नव्हता, पण गरजही नव्हती. "मी कपडे शिवते." मग तिनं निळ्या शिलाईचा पट्टा शिक्षिकेच्या पोटाभोवती घेतला, दोन बोटं जास्त आवळला, कारण तो मोठ्या मापाचा होता, वेल्क्रो लावला आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. शिक्षिकेनं एक ते दहा आकडे म्हटले. दहाही ऐकू आले.

प्राणदादा अनुभवी होते. त्यांनी खाली मान घालून एक दीर्घ उसासा सोडला आणि विचारलं, तुमचा पेशंट कुठाय. ती म्हणाली, गेला. दादांनी डोळे मिटले. वाईट वाटतं, म्हणाले, पण अग्नी श्रद्धेवर चढतो. श्रद्धा कमी पडली की मध्येच विझतो.

तिनं पिशवीतून बनियन काढला आणि दोन्ही हातांनी उलगडून धरला. छातीच्या मध्यापासून गळपट्टीपर्यंत निळ्या रेघा होत्या, आकड्यांसकट.

"ही त्याची श्रद्धा," ती म्हणाली. "माप मी घेतलंय. अकरा दिवस, एकही चुकवला नाही. शेवटच्या तीन रेघा गळ्यावर होत्या, त्या पुसल्या गेल्या. श्रद्धा जरा कमी पडली असती, तर आज तो जिवंत असता."

माइक कुणीतरी बंद केला. पुढे ती जे बोलली ते शांतपणे बोलली, आणि रडतही होती. म्हणाली, छातीत जळतं ते आम्ल आहे, अग्नी नाही. गोळी बंद करू नका. डोक्याकडच्या विटा काढू नका. जेवल्यावर बसवून ठेवा, खोकायला हात द्या, बसवलं की पट्टा बांधा. आणि कुणी दारातच तुमच्या जवळचं काही काढून घेत असेल, तर ते का, हे आधी विचारा. नाही हे उत्तर मिळेल म्हणून प्रश्न गिळू नका. आम्ही गिळला.

सगळ्यांना पटलं असं नाही. एक बाई म्हणाली, दुःखानं डोकं फिरलंय बिचारीचं. मागच्या रांगांतले काही जण दादांच्या नावाचा घोष करू लागले, पण तो धरला नाही. तेवढ्यात बहिणीनं टोपली उचलून मंचाखाली आणली आणि जमिनीवर उपडी केली. मग एकेक पट्टा उचलून ती चाकाच्या खुर्च्यांपाशी जाऊ लागली. हा तुमचा का, एवढंच विचारत होती. ज्याचा निघाला त्याच्या माणसाच्या हातात तो ठेवून पुढच्याकडे. तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि हात थांबत नव्हते.

बायको मंचावरून उतरायला निघाली तेव्हा शिक्षिकेनं तिला थांबवलं. पट्टा कुणाचा आहे, विचारलं. ती म्हणाली, आमच्या ह्यांचा. शिक्षिकेनं पट्ट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, मी परत कुठं आणून देऊ.

"परत नको," ती म्हणाली. "रात्री सोडा. जेवताना सैल करा. उद्या माप द्यायला या, तुमचा तुम्हाला शिवते."

परत आणते म्हणून शब्द दिला होता, आणि ती रिकाम्या हातानं निघाली होती. दारापाशी पोचल्यावर तिला वाटलं, त्याला हे चाललं असतं. चालू लाइन कुणी काढून ठेवत नाही.

मागून आवाज आला. माइक बंदच होता, तरी तो स्वच्छ, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा होता.

"दादा," शिक्षिका म्हणत होती, "मला एक प्रश्न विचारायचाय."